रिकाम्या पायऱ्या हसतात

१

सकाळी आठला पोलिक्सेनी फाटकाचं कुलूप काढी, पण फाटक उघडत नसे. आधी ती एकटी आत जाई, गोल अंगणाच्या मधोमध बसवलेल्या शिळेवर उभी राही आणि एकदाच, मोजून एकदाच टाळी वाजवी.

तेवीस वर्षं तिची ही रीत होती. तिच्या आधी तिचे वडील स्त्रातीस इथले राखणदार. त्यांचीही हीच रीत, आणि तिनं ती त्यांच्याकडूनच उचललेली. बाकी जगासाठी ते प्राचीन नाट्यगृह वगैरे असेल. गाव त्याला नुसतं 'पायऱ्या' म्हणे. डोंगराच्या कुशीत, पोटात हात घालून खरवडल्यासारखा एक खोलगट अर्धगोल, त्यात चौदा ओळी दगडी बाकांच्या. मधून जिने गेलेले, त्यामुळे संत्र्याच्या फाकांसारख्या पाच फाका पडलेल्या. बांधणारे मोठे धोरणी. प्रत्येक बाकाची पुढची कड त्यांनी खालून आत कोरून घेतली होती. ओळीत उशिरा कोणी शिरला की बसलेल्यांनी पाय त्या खोबणीत आत ओढायचे, म्हणजे त्याला जायला वाट. दोन हजार वर्षांपूर्वीही लोक उशिरा येत होते, हे वाचून नाही, त्या खोबणीत पाय घालून कळतं.

टाळी वाजली की ती पायरीपायरीवर आपटून परत येई. एक आवाज जाई आणि चौदा परत येत, इतक्या घाईनं की मण्यांची माळ ओट्यावर टाकल्यासारखी खळखळ ऐकू येई. स्त्रातीस म्हणायचे, "पोरी, रिकाम्या पायऱ्या हसतात. भरलेल्या ऐकतात." माणूस बसला की आवाज तिथं मरतो, अंगातले कपडे, मांस सगळं त्याला पिऊन टाकतं. भिंतीवरून उडी मारून आलेलं एखादं जोडपं वरच्या ओळीत दडून बसलं असलं, तरी बापलेकींना टाळीतच कळायचं. हसण्यात तेवढंच एक भोक पडायचं.

पितरांच्या शनिवारनंतरच्या सोमवारी तिनं टाळी वाजवली आणि डाव्या हाताच्या पहिल्या फाकेत, अगदी खालची ओळ हसली नाही.

'बकरी शिरली वाटतं,' असं म्हणत ती तिकडे गेली. ओळ रिकामी होती. दगड कोरडे होते. एक सरडा होता, तो तिला पाहून पळाला.

२

"शेवाळ असणार," लाम्ब्रोस म्हणाला. लाम्ब्रोस पाथरवट. वसंतातल्या भूकंपात निखळलेले बाक पुन्हा बसवायला तेव्हापासून इथंच होता. मिशीत सदा दगडाची भुकटी.

"जूनमध्ये शेवाळ?"

"मग तुझे कान. साठीला आलीस, बाई. माझी सासू साठीत बहिरी झाली आणि घरात काय शांतता नांदली म्हणून सांगू!"

पोलिक्सेनीला हसू आलं, पण मनात किडा वळवळायला लागला. हे काम तिचं कानावर चालत होतं. कान गेले तर उरलं काय? मंगळवारी ती बसनं शहरात जाऊन कानाच्या डॉक्टरला भेटली. त्यानं डब्यात बसवून पिपाण्या वाजवल्या आणि म्हणाला, "आजीबाई, असे कान माझ्या मुलीचे असते तर मी तिला गाणं शिकवलं असतं."

परत आल्यावर तिनं लाम्ब्रोसला कामाला जुंपलं. ती पायऱ्यांकडे पाठ करून शिळेवर उभी राहिली, आणि तो बूट काढून, पाऊल न वाजवता कुठेही जाऊन बसे. ती टाळी वाजवी.

"चौथी फाक, वरून तिसरी ओळ."

"बरोबर."

"दुसरी फाक, मधोमध. आणि नीट बस, लोळू नकोस."

"चेटकीण आहेस तू," तो वरून ओरडला. न ओरडताही ऐकू आलं असतं.

मग तिनं त्याला पहिल्या फाकेतल्या खालच्या ओळीत बसायला सांगितलं. टाळी वाजवली. तो उठला. पुन्हा वाजवली. काही फरक पडला नाही. काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी एक पेला ओतल्यासारखं.

"काय गं?" लाम्ब्रोसनं विचारलं.

"काही नाही. दुसरी ओळही गेली आज."

३

खरं सांगायचं तर तिला भीती अशी वाटली नाही. भीती वाटायला आधी काय आहे ते कळावं लागतं. तिला उत्सुकता वाटली, आणि ती इतकी की रात्री झोप लागेना. जुन्या तिकीटपुस्तकाच्या पाठकोऱ्या पानांवर तिनं ओळी आखल्या, एकेका जागेला एकेक घर. रोज सकाळी टाळ्या वाजवायच्या, कुठे हसलं नाही ते काळं करायचं. तासभर तिचं हे चाले आणि फाटकाबाहेर जर्मन पर्यटक घड्याळं बघत उभे राहत.

एक गोष्ट तिच्या लक्षात आली. जागा वाटेल तशा भरत नव्हत्या. खालून वर, डावीकडून उजवीकडे, एकामागून एक, रांग न मोडता. तिच्या गावात असं शिस्तीनं कधी कोणी बसलं नव्हतं.

शुक्रवारी ते थांबलं. पहिली फाक तेराव्या ओळीच्या अर्ध्यापर्यंत मुकी झाली होती. पण तिच्यात मध्येच एक जागा राहिली होती. आजूबाजूचं सगळं गप्प, आणि त्या गप्पपणातून एकच 'टक'. सातव्या ओळीतून.

तिनं लाम्ब्रोसला त्या ओळीत एकेका जागेवरून सरकायला लावलं. पहिली, दुसरी, तिसरी. 'टक' येतच राहिली. नवव्या जागेवर तो बसला आणि 'टक' बंद झाली. लगेच उठलाही तो.

"का उठलास?"

"गार आहे दगड." तो आपलं बूड चोळत होता. "बाकीचे तापलेत नि हा तेवढा गार. कोणाची तरी जागा अडवल्यासारखं वाटलं. जाऊ दे, मला काम आहे."

तो उठल्यावर 'टक' परत आली.

तिनं काळी घरं मोजली. दोनशे तेरा भरली आणि ती एक. दोनशे चौदा. आकडा ओळखीचा वाटला, पण कुठला ते आठवेना. दुपारी केबिनमध्ये चीज-पाव खायला बसली, तेव्हा समोरच्या फळीवर कागदांचा गठ्ठा दिसला आणि घास हातात तसाच राहिला.

भूकंपात देवळाचं छत बसलं होतं. म्हणून या वर्षी पितरांच्या शनिवारचा विधी पाद्री नेक्तारिओसनं पायऱ्यांवर घेतला. वरच्या कचेरीला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढच्या वर्षी उत्तर आलं असतं. घराघरातून उकडलेल्या गव्हाचे थाळे आले, वर पिठीसाखर, डाळिंबाचे दाणे. प्रत्येक घरानं आपला कागद दिला: वर क्रूस, खाली घरच्या मेलेल्या माणसांची नावं. आडनाव नाही, नुसतं नाव, देव ओळखतो. एरवी पाद्रीबाबा ती नावं आतल्या वेदीपाशी, स्वतःच्या दाढीत पुटपुटतो, दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नाहीत. या वेळी त्यानं ती मधल्या शिळेवर उभं राहून वाचली. तिथून बोललेलं शेवटच्या ओळीपर्यंत पोचतं, आणि कोण जाणे त्याच्याही पलीकडे कुठवर. सगळ्यांना तेव्हा कौतुक वाटलं होतं. पाद्रीबाबाला तर सगळ्यांत जास्त. "दोनशे चौदा हाका मारल्या आज," असं तो घाम पुसत म्हणाला होता, आणि कागद तिच्याकडे ठेवून गेला होता.

कागद वाचलेल्या क्रमानं लावलेले होते. तिनं नावं मोजत बोट खाली नेलं. खालच्या सहा ओळींत एक्क्याऐंशी जागा. सातवीतली नववी म्हणजे नव्वदावी.

एकोणनव्वदावं नाव तिच्याच अक्षरात होतं. तिच्या कागदातलं शेवटचं. कालिरोई. तिची आई.

नव्वदावं दुसऱ्या कागदावर होतं. त्या कागदातलं पहिलं. कालिरोई.

४

आसिमिनाच्या दारात पोलिक्सेनी तीन वर्षं गेली नव्हती. दोघी सख्ख्या बहिणी, घरांमध्ये दोन गल्ल्यांचं अंतर. आई गेली त्या रात्री पोलिक्सेनीनं धाकटीला उठवलं नाही. 'सकाळी सांगू, झोपू दे तिला,' असं तिला वाटलं. सकाळी आसिमिना आली ती थंड हात धरायला. त्यानंतर बोलणं बंद.

"या," आसिमिना कपडे वाळत घालता घालता म्हणाली. "आज कोण मेलं, म्हणून पाय लागले आमच्या घराला?"

"तू आईचं नाव दिलंस शनिवारी?"

"दिलं. मग?"

"ते माझ्या कागदात असतं. माहेरच्या माणसांची नावं माहेरच्या कागदात. तू सासरची द्यायचीस."

"तीन वर्षं नाही दिलं, या वर्षी दिलं. आणि सासऱ्याच्याही वर, पहिलं दिलं. ती काय तुझ्या एकटीची आई होती? मरताना एकटीनं ठेवून घेतलीस, तेवढं पुरे नाही झालं?"

पोलिक्सेनीनं ते गिळलं. गिळण्यासारखंच होतं ते. मग तिनं अंगणातल्या खुर्चीवर बसून सगळं सांगितलं. टाळी, काळी घरं, नव्वदावी जागा. आसिमिना चिमटे तोंडात धरून ऐकत होती. बापानं तिलाही टाळी शिकवली होती. तिचे कान तितके चांगले नव्हते, एवढंच.

"म्हणजे आईला दोनदा हाक मारली," आसिमिना म्हणाली. "बरं. एकदा आली ती. दोनदा कशी येईल? एकच तर होती."

"एकच नाहीये," पोलिक्सेनी म्हणाली.

आसिमिनाच्या हातातली उशीची खोळ खाली पडली. घराण्याची रीतच तशी. नातवंडा-पतवंडांना आजी-पणजीचं नाव. आसिमिनाच्या नातीचं नाव कालिरोई होतं. सात वर्षांची, अथेन्सला.

"तिला ताप आहे," आसिमिना हळूच म्हणाली. "शनिवारपासून. डॉक्टरला काही सापडत नाही. दिवसभर झोपते. उद्या घेऊन येताहेत इकडे, हवापालट म्हणून. सकाळी दहाच्या बसनं." तिनं पडलेली खोळ उचलली. "काल फोनवर मला म्हणाली, 'आजी, माझी जागा ठेवलीये ना?' मला वाटलं, खाटेचं विचारतेय."

दोघी तशाच पाद्रीबाबाकडे गेल्या. तो टोमॅटोला पाणी घालत होता. त्यानं ऐकून घेतलं, हसला, मग त्यांची तोंडं बघून हसायचा थांबला.

"नाव परत नाही का घेता येत?" आसिमिनानं विचारलं.

"मुली, मला हाक मारायला शिकवलंय. जा म्हणायला कोणी शिकवलं नाही." त्यानं झारी खाली ठेवली. "पोरीचं नाव जिवंतांच्या कागदात घालतो. रोज वाचतो. आणखी मी काय करणार?"

परतताना वाटेत आसिमिना म्हणाली, "उद्या नऊ वाजता मी येते पायऱ्यांवर. दोघी मिळून काय ते ठरवू. माझी नात आहे. तू एकटीनं काही करायचं नाहीस, समजलं?"

"हो," पोलिक्सेनी म्हणाली.

५

शनिवारी ती आठलाच गेली.

टाळी वाजवली. पाचांतल्या चार फाका हसल्या. पहिलीनं ऐकलं. आणि सातव्या ओळीतून 'टक'.

तिला आजही सगळ्यांत आधी नवलच वाटत होतं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. गेली तेवीस वर्षं तिनं लोकांना इथं बसवलं, उठवलं, तिकिटं फाडली. आता आपण बसायला चाललो. ती जिना चढून सातव्या ओळीपाशी आली आणि आत शिरली.

पहिल्या जागेसमोरून जाताना तिला खालून आवाज आला. दगडावर चामडं सरकल्याचा. स्सर्र. ती थबकली. पुढे पाऊल टाकलं, दुसऱ्या जागेपाशी तसाच आवाज. स्सर्र. मग तिसऱ्या. तिच्या एकेक पाऊल पुढे, ओळीनं, कोणीतरी पाय आत ओढून घेत होतं. तिला वाट देत होतं.

खाली बघू नये, असं तिनं ठरवलं. ठरवल्यावरही तिनं एकदा पाहिलंच. स्वभावाला औषध नाही. खोबणीत, सावलीत, धुळीवर टाचांचे ठसे उमटलेले होते. जोडीजोडीनं.

आठव्या जागेपाशी मात्र पाय सरकले नाहीत. उलट कोणीतरी किंचित बाजूला सरल्यासारखं वाटलं, शेजारी बसणाऱ्याला जागा करून द्यावी तसं. उन्हात वाळवलेल्या कपड्यांचा, राखेच्या साबणाचा वास आला. तो साबण गावात आता कोणी करत नाही.

पोलिक्सेनी नवव्या जागेवर बसली. दगड बर्फासारखा होता. डावीकडे कोणीतरी घसा खाकरला. आसिमिनाचा सासरा जिवंतपणीही असाच नाटकभर खाकरत बसे. उजवीकडे तिनं मान वळवली नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यात काळ्या बाहीची कड होती आणि गुडघ्यावर ठेवलेला एक हात, पिठाचा असावा तसा पांढरा. तो तिच्याकडे येत नव्हता. वाट बघत होता.

हाक मारली की ओ द्यावी लागते. तोवर हाक तशीच फिरत राहते, लहान मुलांच्या कानांभोवती फिरते. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण इतकी वर्षं आवाज कुठं जातो नि कुठं थांबतो हेच तर ती ऐकत आली होती.

"ओ," ती म्हणाली. "आले."

हात तिच्या हातावर ठेवला गेला. मग दगड तापायला लागला.

६

नऊ वाजता आसिमिना आली तेव्हा फाटकाला आतून कडी होती. तिनं शिव्या दिल्या, दगड मारला, लाम्ब्रोसला बोलावलं. शेवटी दहाची बस आली नि पोरगी उतरून पळतच फाटकाशी आली. तिचा ताप बसमध्येच उतरला होता. आठच्या सुमाराला डोळे उघडले आणि तीळपाव मागितला, तिची आई सांगत होती. दोन खाल्ले.

आसिमिनानं ते ऐकलं, आणि ती वळून दोन्ही मुठींनी फाटक बडवायला लागली.

तो गलका आता कुठे वर ऐकू गेला. पोलिक्सेनी उठली. उठता आलं, याचा तिला मनापासून आनंद झाला. गुडघे नेहमीसारखेच कुरकुरले. वरच्या वाटेनं वळसा घालून ती खाली फाटकाशी आली, कडी काढली. पोरगी तिच्या बगलेखालून आत सुसाट सुटली ती थेट मधल्या शिळेवर. दर सुट्टीत तिचा तो हट्ट असे.

आसिमिना बहिणीसमोर उभी राहिली. तिनं तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"बसलीस ना?" मग म्हणाली.

"बसले आणि उठले. बघ, धडधाकट आहे."

तेवढ्यात पोरीनं टाळी वाजवली.

चार फाका खळखळून हसल्या. पहिली गप्प. पोलिक्सेनीनं सातव्या ओळीच्या 'टक'ची वाट पाहिली. जागा रिकामी होती, ती स्वतः इथं उभी होती, तेव्हा 'टक' यायलाच हवी होती. आली नाही. आसिमिनालाही ते ऐकू आलं. तिनं पोलिक्सेनीचा हात धरला, आणि धरलेला सोडला नाही.

शिळेवर पोरगी पाठमोरी होती. मान वर करून ती हात हलवत होती.

"कोणाला गं, बाळा?" पोलिक्सेनीनं विचारलं.

"मोठ्या आजीला. ती बघ वर—" पोरगी वळली आणि गोंधळली. "अगं, तू तर इथं आहेस!"

पोलिक्सेनीनं वर पाहिलं. तिला ऊन दिसलं आणि दगड.

"मी वर काय करतेय?" तिनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"काही नाही. बसलीयेस. शेजारच्या आजीनं तुझा हात धरलाय." पोरीला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती गाणं म्हणायला लागली, आणि पहिल्या फाकेनं ते कान देऊन ऐकलं.

बाहेर पर्यटकांची रांग लागली होती. कोणीतरी फाटकाची घंटा हलवत होतं. पोलिक्सेनी तिकीटपुस्तक काढायला निघाली, पण आसिमिनानं हात सोडला नव्हता.

"ताई," ती म्हणाली. "या वेळी जायच्या आधी मला उठव. रात्री कितीही वाजलेले असोत."

"उठवीन."

"शपथ घे."

पोलिक्सेनीनं शपथ घेतली, आणि मग दोघींनी मिळून फाटक उघडलं.